हातचा एक

डी.एड.ला असताना मी थर्माकोलचं एक खेडं केलं होतं. कौलारू घरं, विहीर, विहिरीवर काड्यापेटीच्या काड्यांचा रहाट, बैलगाडी, सगळं. तीन रात्री जागून. सराव पाठाच्या दिवशी ते रिक्षातून मांडीवर घेऊन शाळेत नेलं, टेबलावर ठेवलं आणि तिसरीच्या पोरांशी माझं पहिलं वाक्य काय असेल तर, "कोणीही हात लावायचा नाही." पाठाला पंचवीसपैकी बावीस मार्क पडले. शेऱ्यात लिहिलं होतं, 'शैक्षणिक साहित्याचा प्रभावी वापर'. ते खेडं मग दोन वर्षं आमच्या कपाटावर पिशवीत गुंडाळून पडलं होतं, एका दिवाळीच्या साफसफाईत आईने विचारलं टाकू का, म्हणलं टाक.

परवा तालुक्याच्या ट्रेनिंगमधे एका नवीन मुलीने, म्हणजे शिक्षिकेनेच, पण माझ्या पुढं मुलगीच, विचारलं की मॅडम तुम्ही एवढी नोकरी झाल्यावर परत एम.ए. कशाला केलं, पगारात काही फरक पडतो का. पगारात काडीचा फरक पडत नाही. मग कशाला केलं हे मला तिला दोन वाक्यांत सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आपल्याकडं प्राथमिक शिक्षक व्हायचं म्हणजे बारावी झाली की दोन वर्षांचं डी.एड., आता त्याला डी.एल.एड. म्हणतात. त्यापुढं शिकायचं म्हणलं तर बी.एड., एम.एड. आहे पण त्यांचं तोंड हायस्कूलकडं. दिल्ली विद्यापीठाने १९९४ साली प्राथमिक शिक्षकांसाठी खास चार वर्षांची पदवी काढली, बी.एल.एड., ती बरीच वर्षं एकुलती एक असल्यासारखीच होती. म्हणजे ज्याला सहा वर्षांच्या पोराला वाचायला शिकवायचंय त्याने कमी शिकलेलं चालतं, आणि ज्याला दहावीचा गाईडमधला धडा वाचून दाखवायचाय त्याने जास्त शिकलं पाहिजे, असा काहीतरी उलटा हिशोब आपण मांडून ठेवलाय. कोणी मांडला माहीत नाही पण मोडत नाही.

माझी शाळा अकोले तालुक्यात, डोंगराच्या कडेला, द्विशिक्षकी. पहिली दुसरी माझ्याकडं, तिसरी चौथी सरांकडं. पावसाळ्यात चार महिने भातखाचरातनं जायचं, पोरं अंगावर इरलं किंवा युरियाची गोणी घेऊन यायची. पहिली आठ-नऊ वर्षं मी जशी सगळे शिकवतात तशी शिकवली. वाईट नव्हते मी. गाणी म्हणायचे, हातवारे करायचे, फळ्याचं अक्षर चांगलं, केंद्रप्रमुख आले की माझाच वर्ग दाखवायचे.

तर त्या वर्गात एक पोरगी होती, तिला चिमी म्हणू, खरं नाव वेगळं आहे. दुसरीत. हातच्याची बेरीज चालू होती. मी फळ्यावर करत होते, आठ आणि पाच तेरा, तेराचे तीन इथं, हातचा एक, एक मी वर लिहिला आणि सवयीने उजव्या हाताची मूठ झाकून दाखवली. चिमीने विचारलं, "बाई, हातचा म्हणजे कुठल्या हातातला?"

वर्ग हसला. मी पण हसले. म्हणलं, कुठल्याही. आणि पुढचं गणित घेतलं. आज आठवलं की पोटात कसंतरी होतं, कारण मला तेव्हा उत्तर माहीतच नव्हतं आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. तो एक एक नसतोच, दहा असतो, हे मला येत होतं का? परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलं असतं. पण हात वर करून सांगता आलं नसतं.

हीच चिमी वजाबाकीत बावन्नातून अडतीस घालवले की सव्वीस उत्तर काढायची. प्रत्येक वेळी. मी चूक द्यायचे, लाल फुली मारायचे, ती पुसायची, परत सव्वीस. मी वहीत खाली लिहायची, 'लक्ष दे'. तिचं पूर्ण लक्ष होतं. दोनातून आठ जात नाहीत, मग आठातून दोन घालवले, सहा. पाचातून तीन, दोन. सव्वीस. इतकी सरळ गोष्ट मला दिसायला पुढं तीन वर्षं आणि मुंबईच्या कितीतरी फेऱ्या लागल्या.

मधे ट्रेनिंगं काय कमी झाली नाहीत. आमच्या खात्यात ट्रेनिंग म्हणजे सतरंजी, माईक, चहा, हजेरीपट आणि वरून खाली गळत आलेलं ज्ञान. राज्यावर कोणीतरी ऐकतं, ते जिल्ह्याला सांगतं, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला, आणि आमच्यापर्यंत येईतो चहाच्या चौथ्या पाण्यासारखं होतं. 'कृतीतून शिक्षण' या विषयावर मी दोन दिवस मांडी घालून भाषण ऐकलंय. मला वाटतं यावर वेगळं भाष्य नको.

मग रचनावाद आला, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः करून बघत आपणच रचतं हा विचार. साताऱ्याजवळ कुमठे बीटमधे, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी फार मन लावून काम उभं केलं होतं, पोरं जमिनीवर बसून आपापलं साहित्य घेऊन शिकतायत, बाई मधे मधे फिरतायत. राज्यभरातनं शिक्षक ते बघायला जायचे, गाड्या करून. त्यात २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाचा जीआर निघाला आणि मग काय विचारता. सगळे जे बघून आले त्यातलं फोटोत जे आलं तेवढंच पसरलं. फरशी! पेंटर बोलावून वर्गाच्या फरशीवर तक्ते रंगवायचे, शब्दांचे गोल, संख्यांचे साप, घड्याळ. आमच्या भागात तर पेंटरचे रेट ठरले होते, लोकवर्गणी काढून ऑइल पेंट. एका शाळेत मी स्वतः पाहिलं, रंग खराब होईल म्हणून पोरांना चपलाच काय, पायही ठेवू देत नव्हते, कडेकडेनं चालायचं. मला माझं थर्माकोलचं खेडं आठवलं. फरक एवढाच की ते टेबलावर होतं.

मी मात्र त्याच्या आधीच, २०१३ ला, एम.ए.चा फॉर्म भरला होता. टाटा समाजविज्ञान संस्थेने, म्हणजे टिसने, २००६ पासून प्राथमिक शिक्षणातलं एम.ए. चालू केलं होतं, एकटीनं नाही, मध्य प्रदेशातली एकलव्य, जयपूरची दिगंतर, उदयपूरची विद्याभवन, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र असे सगळे मिळून. नोकरी करता करता करता यायचं, सुट्टीत मुंबईला देवनारच्या कॅम्पसवर जायचं, मधल्या काळात घरी वाचायचं, लिहून पाठवायचं. मला हे एका संस्थेत काम करणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणल्या, "अगं तू बाई आहेस ना शाळेत, मग आता काय शिकायचं राहिलंय?" त्यांना खरंच प्रश्न पडला होता, टोमणा नव्हता.

इंग्रजीने मात्र रडवलं. वाचायचं सगळं इंग्रजीत, एकेक परिच्छेद डिक्शनरी घेऊन. पियाजे झाला, ड्यूई झाला, असे शिक्षणावर लिहिणारे मोठे लोक, मग एकदा 'स्कॅफोल्डिंग' आलं. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ साली वापरलेला शब्द, मूल अवघड काम करत असताना मोठ्याने लागेल तेवढाच आधार द्यायचा आणि हळूहळू काढून घ्यायचा. डिक्शनरीत अर्थ होता परांची, बांधकामात उभं राहायला बांधतात ती. माझे वडील गवंडी. त्यांना मी फोनवर ते सगळं समजावून सांगितलं, की बघा तात्या, तुमचा शब्द आमच्या शास्त्रात आलाय. ते जरा थांबले आणि म्हणाले, "परांची काय भिंतीसाठी नसती बाळा, गवंड्यासाठी असती. भिंत आपली आपण उभी राहती." मी ते असाइनमेंटमधे घातलं. मार्क कापले नाहीत, पण कोणी काही बोललंही नाही.

पण मला जे सांगायचंय ते गणिताच्या तासाचं. आमच्या गणिताच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी टेबलावर खराट्याच्या काड्यांचा ढीग ओतला आणि रबर बँडचं पाकीट. म्हणल्या, आपण एका हाताच्या देशात जायचं. तिथं लोक एकाच हाताची बोटं मोजतात. एक, दोन, तीन, चार, हात. पाच हा शब्दच नाही. पाच काड्या झाल्या की रबर लावायचं, तो झाला एक हात. एक हात आणि सुटं काही नाही हे ते लोक १० असं लिहितात, पण ते दहा नाहीत हां, एक हात. एक हात चार म्हणजे १४. दोन हात म्हणजे २०. आणि हात हात झाले, म्हणजे पाच गठ्ठे, की त्यांचा मोठा गठ्ठा.

आम्ही सगळे बारा-पंधरा वर्षं शिकवलेले. कोणी इंग्लिश मिडियमचे, कोणी एनजीओवाले, माझ्यासारखे झेडपीवाले. हसत होतो. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ३१ वजा १४, त्या देशातले. मी सगळ्यात आधी हात वर केला. सतरा! म्हणजे, एक हात सात.

मॅडम म्हणल्या, "ताई, त्या देशात सात आहे का?"

शांतता. मला आधी प्रश्नच कळला नाही. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या एवढं आठवतं. सात कसा नसेल, सात तर असतोच. मी परत केलं. एकातून चार जात नाहीत, शेजारून एक घेतला, अकरा झाले, अकरातून चार गेले सात. बरोबर तर आहे! बरोबर होतं, फक्त दुसऱ्या देशातलं होतं. शेजारून घेतलेला एक म्हणजे दहा, हे माझ्या हाताला इतकं पाठ होतं की डोक्याला त्यात शिरायला जागाच नव्हती. मॅडम काही सांगेनात. नुसत्या उभ्या. मला इतका राग आला त्यांचा, वाटलं सांगून टाका ना बाई एकदाचं, माझा अपमान कशाला. शेवटी मुकाट काड्या ओढल्या. तीन गठ्ठे, एक सुटी. चार द्यायच्यात, आहे एक. एक गठ्ठा सोडवायला घेतला, रबर सटकून फाटकन बोटावर बसलं, काड्या खाली सांडल्या, वेचल्या, मोजल्या. पाच आणि एक सहा. सहातल्या चार दिल्या, दोन उरल्या. राहिले दोन गठ्ठे, त्यातला एक द्यायचा, एक राहिला. एक हात दोन. १२.

आणि तिथं मला चिमी दिसली. शपथेवर सांगते. तिच्या वहीतला सव्वीस दिसला, आणि हातचा कुठल्या हातातला हे मला त्या दिवशी कळलं. तो रबराच्या आतला असतो. शेजारच्या घरातून एक मागून आणला असं मी पोरांना सांगायचे, शेजारणीकडून उसनी वाटी आणल्यासारखं, पण एक मागितला आणि दहा कसे मिळाले हे त्यांनी मला कधी विचारलं नाही, कारण विचारायची सोय मीच ठेवली नव्हती. जी सोडवायची गोष्ट होती ती मी आणायची करून टाकली होती.

दुसरं एक काम दिलं होतं, त्याने तर माझी झोप उडवली. आपल्या वर्गातलं एक मूल निवडायचं आणि रोज पंधरा मिनिटं ते काय करतं ते लिहायचं. नियम एकच, विशेषण नको. मी पहिल्या आठवड्याचं लिहून पाठवलं. परत आलं तेव्हा 'हुशार', 'चंचल', 'लाजाळू', 'घरची परिस्थिती बेताची' या सगळ्यावर पेन्सिलीची रेघ. रेघा मारल्यावर पानावर जे उरलं ते होतं, 'पाटी घेतली. खिडकीत गेला.' बस. मी सहा दिवसांत त्या पोराबद्दल दोन गोष्टी पाहिल्या होत्या, बाकी माझीच मतं.

मग खरोखर बघायला शिकावं लागलं. आणि बघायचं म्हणजे गप्प बसावं लागतं, हे शिक्षकाला किती अवघड असतं ते शिक्षकालाच माहीत. तो पोरगा एकोणचाळीस म्हणलं की ४९ लिहायचा. एकोणतीसला ३९. मी आधी मूर्खपणा समजायचे, आता लिहून काढल्यावर दिसलं की तो ऐकतोय. कानाला 'चाळीस' ऐकू येतंय, चार लिहिला. 'एकोण' म्हणजे नऊ आहे एवढं त्याने स्वतः शोधून काढलेलं. ४९. आपल्या मराठीत एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी, हे वजाबाकीचं नाव आहे हो, आणि आपण सहा-सात वर्षांच्या पोराला ते वजाबाकी शिकवायच्या आधी पाठ करायला लावतो. चौतीसमधे चार आधी ऐकू येतो आणि नंतर लिहायचा. तेवीस, त्रेचाळीस, त्रेसष्ट, त्र्याऐंशी, एकाच तीनची तीन सोंगं.

त्यामुळं २०१९ च्या जूनमधे बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ दोन' असं आलं आणि सगळ्या महाराष्ट्राला हसू फुटलं तेव्हा मला हसू येईना. विधानसभेत विनोद झाले, आमच्या शिक्षकांच्याच ग्रुपवर दिवसाला पन्नास मेसेज, कोणाच्या आडनावाचे आकडे केलेले, कोणाच्या वयाचे. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम पोरांना जड जातो, जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिलीत. ऐकायचं कोणाला होतं. कानडीत, तेलुगूत, तमिळमधे आधी दशक मग सुटे असंच म्हणतात, त्यांची पोरं काय बिघडली नाहीत. अर्थात मला ते पुस्तकातलं सगळंच पटलं होतं असं नाही. चिमीची आई राजूरच्या बाजारात 'साठ दोन' म्हणायला लागली तर गिऱ्हाईक निघून जाईल. पोराला शेवटी बासष्टच लागणार. पण बासष्टपर्यंत जायला साठ दोनची पायरी ठेवली तर बिघडलं कुठं? मी वर्गात दोन्ही म्हणते. आधी काड्या, मग साठ दोन, मग बासष्ट. जिथं हसणारे मोठे लोक आहेत तिथं फक्त बासष्ट म्हणते, उगाच वाद नको.

बाजारावरून आठवलं. ब्राझीलमधे रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-बिरळ विकणाऱ्या पाच पोरांचा एक अभ्यास आहे, १९८५ सालचा. त्यांनी गाडीवर केलेले हिशोब ९८ टक्के बरोबर, आणि तसेच आकडे कागदावर नुसती बेरीज-वजाबाकी म्हणून दिल्यावर ३७ टक्के. हे वाचलं त्या रविवारी मी मुद्दाम चिमीच्या आईच्या ठेल्याजवळ जाऊन उभी राहिले. चिमी तोपर्यंत पाचवीत गेलेली, दुसऱ्या शाळेत. अडतीस रुपयांचे वाल आणि काकडी, बाईने पन्नासची नोट आणि दोनचं नाणं दिलं. चिमीने गल्ल्यातून दोन रुपये काढले, "अडतीसचे चाळीस," मग दहाची नोट काढली, "पन्नास," आणि मग ते बाईचं दोनचं नाणं तसंच परत तिच्या हातावर ठेवलं, "बावन्न." चौदा रुपये परत. बावन्न वजा अडतीस. तेच गणित! मी वहीत तीन वर्षांपूर्वी ज्यावर फुल्या मारल्या ते गणित ती माझ्या डोळ्यासमोर बोटांच्या पेरांवर न मोजता करून मोकळी. मला बघून म्हणाली, "बाई, काकडी घ्या ना, कोवळीय." घेतली.

मला आधी वाटायचं हे सगळं परदेशातनं आलेलं. आलंयही. न्यूयॉर्कमधे ल्यूसी स्प्राग मिचेल नावाच्या बाईंनी १९१६ ला एक प्रयोगशाळेसारखी संस्था काढली, १९३० मधे ती बँक स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर आली आणि तिथं शिक्षक घडवायला लागली, त्यात त्या होऊ घातलेल्या शिक्षकांनाच चित्रं काढायला, नकाशे बनवायला लावायच्या आणि पुढं तर गाडीत घालून लांब लांब, कोळशाच्या खाणींच्या भागात वगैरे न्यायच्या, की बघा माणसं कशी जगतात. आपल्याकडं बघायला गेलं तर मारिया मॉन्टेसरी १९३९ ला मद्रासला आल्या आणि युद्धामुळं अडकून पडल्या, त्या काळात त्यांनी कितीतरी भारतीय शिक्षकांना शिकवलं. पण माझ्या तालुक्याला जवळचं कोण तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. बोर्डीला १९४५ ला सुरुवात, मग कोसबाडची टेकडी. मॉन्टेसरीचं लाकडी साहित्य महाग, मग शंख, शिंपले, बिया, पानं. आदिवासी पाड्यातली पोरं शाळेत येईनात तर शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली, आपल्या देशात अंगणवाडी हा शब्द घरोघर गेला तो तिथनं. आणि गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. गुरं चरतायत, पोरं शिकतायत. आमच्या गावात आजही दोन पोरं भाताच्या दिवसांत गुरांमागं असतात आणि मी त्यांच्या नावापुढं 'अनियमित' लिहिते.

आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचं शाळेतलं विज्ञान. १९७२ ला सोळा शाळांपासून सुरू झालं, उन्हाळ्याच्या सुट्टीत खेड्यातले मास्तर एकत्र यायचे आणि पोरांनी करायचा प्रत्येक प्रयोग आधी स्वतः करायचे, चुकायचे, भांडायचे. तिथंच अरविंद गुप्तांनी, टेल्को या ट्रक बनवणाऱ्या कंपनीतले इंजिनियर, सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून आकार केले. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन दाबला की वाकडा होतो. मग पत्र्याच्या शेडला त्रिकोण का असतात ते सांगावंच लागत नाही, पोरं वर बघतात. तीस वर्षं चाललेला तो कार्यक्रम २००२ ला सरकारने बंद केला. यावर मी एक वीस पानी निबंध लिहिला होता, राग राग करून, पण तो परत कधी उघडला नाही.

आता असं समजू नका की एम.ए. करून आले आणि माझा वर्ग नंदनवन झाला. पोषण आहाराचं तांदळाचं रजिस्टर, बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, पोर्टलवर माहिती, त्या दिवशी रेंज नसली की झाडाखाली उभं राहून फोन वर धरायचा, हे सगळं होतंच. शिक्षण हक्क कायद्यात तीस पोरांमागं एक शिक्षक लिहिलंय, आमच्यात तेवढी पोरंच नाहीत, पण इयत्ता दोन, आणि सर मिटिंगला गेले की चार. चार इयत्तांत काड्या वाटल्या की शाळेचा खराटा संपतो, हे मी अनुभवाने सांगते. पालक म्हणतात बाई, पोरगं घरी येऊन सांगतं आज काड्या मोजल्या, वही कोरी, हे काय? त्यांचंही चुकत नाही. मग मी वहीत काड्यांची चित्रं काढून घेते, पालक खूश. माझ्यातली जुनी बाई अजून आहेच, घाईच्या दिवशी तीच येते आणि म्हणते हातचा एक, मूठ झाका, चला पुढं.

तर परवाचं ट्रेनिंग. तालुक्याचे चाळीस शिक्षक, दोन दिवस, मला सुलभक, म्हणजे ट्रेनिंग घेणारी, म्हणून बोलावलेलं. मी माईक घेतला नाही, काड्या ओतल्या. एका हाताचा देश. पुढच्या रांगेत एक गुरुजी, पुढच्या वर्षी रिटायर होणारे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. ३१ वजा १४ लिहिलं आणि त्यांनीच सगळ्यात आधी, खणखणीत, "सतरा!"

मी विचारलं, "गुरुजी, त्या देशात सात आहे का?"

त्यांचा चेहरा बघवेना. मला माहीत होतं आत काय चाललंय, कानाच्या पाळ्या सुद्धा माहीत होत्या. जिभेवर उत्तर आलेलं. नाही सांगितलं. खूप वेळ गेला, मागं कोणीतरी फोनवर बोलायला बाहेर गेलं, मग त्यांनी न बोलता काड्या पुढं ओढल्या आणि रबर सोडवायला लागले. सुटेना, दातांनी सोडवलं.

संध्याकाळी आवराआवर चालली होती. दोघं-तिघं येऊन म्हणले, "मॅडम, भारी झालं, याची पीपीटी ग्रुपवर टाका ना." म्हणलं पीपीटी नाहीये. "मग फोटो तरी." काड्यांचे फोटो काढले त्यांनी. मी उरलेल्या काड्या गोळा करून पिशवीत भरत होते, बाहेर गुरुजी मोटारसायकलला किक मारायच्या ऐवजी तसेच टेकून उभे होते आणि तोंडाने काहीतरी चाललं होतं. जवळ गेले तर म्हणाले, "मॅडम, तिथं पाढे असतील ना?" म्हणलं असतील की. मग बोटं धरून म्हणायला लागले, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक..." थांबले. "बे त्रिक हात एक. बे चोक हात तीन." परत थांबले. पंचे म्हणणार होते, तोंड उघडलं आणि मिटलं. "पाच नाही ना तिथं. बे हाते... बे हाते दोन हात."

आणि पुढचा घ्यायला लागले.